मलिकंबरी धारा ते सुप्याचा बाजार

आमच्या घरी इंदापूर तालुक्यातल्या जिराईत जमिनीचा एक जुना सातबारा आहे. आजोबा तो पत्र्याच्या पेटीत, निकाहनाम्याच्या शेजारी ठेवत. त्यावर 'आकार' म्हणून एक छोटा आकडा आहे. लहानपणी मला तो जमिनीचा भाव वाटे. पुढे कळले, तो सरकारचा सारा. तो आकडा कुठून आला, हे शोधायला बसलो आणि थेट इथिओपियापर्यंत पोहोचलो.

आज आफ्रिकेतल्या देशांचा राज्यकारभार आणि विकास यांवर अहवाल निघतात आणि बाहेरचे तज्ज्ञ तिथे सल्ले घेऊन जातात. चारशे वर्षांपूर्वी वारे उलटे वाहत होते. साधारण 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हेच मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात ते गनिमी काव्यापुरते आणि औरंगाबादच्या नहरीपुरते येतात. त्यांच्या महसूल व्यवस्थेला एखादी ओळ मिळते, तीही परीक्षेत 'टीपा लिहा'साठी.

अंबर यांच्याआधी महसूल इजाऱ्याने दिला जाई. जास्त बोली लावणारा इजारदार रयतेकडून ती दामदुप्पट वसूल करी. अंबर यांनी ही पद्धत मोडली. जमिनीचा कस पाहायचा, काही हंगामांचे प्रत्यक्ष पीक पाहायचे, मगच धारा ठरवायचा. ग्रँट डफने नोंदवल्याप्रमाणे सुरुवातीला पिकाचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा धान्यात घेतला जाई, पुढे तो साधारण एक तृतीयांश किमतीइतका रोखीत झाला. वसुली ब्राह्मण कारकुनांकडे आणि देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे होती. आजच्या वादांत दोन्ही बाजूंना हा तपशील अडचणीचा वाटेल.

पुणे, सुपे, इंदापूर हा मुलूख तेव्हा निजामशाहीचा आणि भोसल्यांच्या जहागिरीचा. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते. त्यांची गढी आणि चाँदशाहवलींचा दर्गा गावात आजही आहेत. मालोजींचे दोन्ही मुलगे, शहाजी आणि शरीफजी, 1624 च्या भातवडीच्या लढाईत अंबर यांच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच कामी आले. अंबर 1626 मध्ये वारले, पण 'मलिकंबरी' हा शब्द मराठी कागदपत्रांत राहिला. दादोजी कोंडदेवांनी पुणे जहागिरीत बसवलेली घडी याच धाऱ्याच्या आधाराने बसवली, असे इतिहासकार सांगतात. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाने पुन्हा इजारे सुरू केले आणि गावे उजाड होऊ लागली.

1818 नंतर इंग्रज आले. त्यांच्याकडे पुस्तक होते. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजातून आलेला. तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत. लागवडीचा खर्च वजा करून जे 'निव्वळ उत्पन्न' उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे, असा प्रिंगलचा हिशेब. कागदावर तो बिनचूक होता. पण हजारो शेतांचे निव्वळ उत्पन्न काढणार कोण? मोजणीत चुका झाल्या, खालच्या नोकरांनी लाच खाल्ली, कमी कसाच्या जमिनीवर जड सारा बसला. 1830 मध्ये ही आकारणी लागू झाली. इंदापुरात पाऊस बेभरवशाचा. लोकांनी जमिनी टाकल्या आणि परागंदा झाले.

मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना दुरुस्तीसाठी इंदापुरात पाठवले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. साखळीने मोजणी केली, मातीचा रंग आणि खोली पाहून तिचे नऊ वर्ग पाडले, प्रत्येकाची किंमत आण्यांत ठरवली आणि हलका सारा 30 वर्षांसाठी बांधून दिला. 1836 पासून इंदापुरात तो सुरू झाला. एका बैलजोडीला झेपेल एवढ्या शेताला नंबर दिला गेला, आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो हाच. पडीक रानात पुन्हा नांगर चालला. पुढे ही पद्धत मुंबई इलाखाभर गेली. मला यात अंबर यांची आठवण होते. विंगेटने त्यांची नक्कल केली असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण पुस्तक मिटून माती पाहिल्यावर दोघेही जवळपास एकाच ठिकाणी आले.

तीस वर्षांनी, 1867 मध्ये, फेरआकारणी झाली तीही आधी इंदापुरातच. मध्यंतरी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि कापसाचे, धान्याचे भाव चढले होते. अधिकाऱ्यांनी ते चढे भाव कायमचे धरले आणि सारा पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढवला. भीमथडीसह शेजारच्या तालुक्यांतही तीच तऱ्हा. भाव कोसळले, सारा मात्र चढाच राहिला. रयत सावकाराच्या ओट्यावर गेली. पुणे सार्वजनिक सभेने तक्रार मांडली. 1874 मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातली: एकूण गटावर 33 टक्के, एका गावावर 66, एका खातेदारावर 100. उशीर झाला होता.

12 मे 1875 रोजी सुप्यात बाजाराचा दिवस होता. सुपे तेव्हा भीमथडीत, आज बारामती तालुक्यात. जमावाने सावकारांची दुकाने-घरे गाठली, त्यांना हवे होते ते कर्जरोखे. कागद जाळले गेले आणि दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशी आयोगाने मुख्य ठपका सावकारीवर ठेवला. आयोगातलेच ऑकलंड कॉल्विन यांनी मात्र वाढीव साऱ्याकडे बोट दाखवले. इतिहासकार अजून भांडतात. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा सावकाराला लगाम घालायला आला. माझे मत कॉल्विनच्या बाजूने झुकते. सावकार आधीही होताच.

पुढे 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. बारामतीचा ऊस, वालचंदनगर, सहकारी कारखाने ही पुढची गोष्ट. तिच्यावर देशीविदेशी अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले आहेत आणि बारामतीचे नाव त्यामुळेच गाजते.

आमच्या रानाला कालव्याचे पाणी कधी आले नाही. आकार अजून काही रुपये आणि काही पैसे एवढाच आहे. मागच्या वर्षी तलाठ्याकडून नवा उतारा काढला, तर तो आकडा एका पैशानेही बदललेला नव्हता.