वाळवंटी झुडुपाखालील मृत्तिका : दोन अभ्यासांचा संगम

वाळवंटातील पर्जन्याचा विचार दीर्घकाळ वार्षिक बेरजेनेच होत असे. एकेका सरीचे मोल ध्यानी येण्यास विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची पडला. झुडुपाखालच्या त्याच मातीचा अभ्यास दोन शास्त्रे परस्परांस न विचारता करीत होती, हे त्याचे एक कारण होय.

१९०३ साली कार्नेगी संस्थेने ॲरिझोनातील टुसॉन येथे, टुमामॉक टेकडीवर, वाळवंट-प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे विल्यम कॅनन याने वनस्पतींची मुळे चिकाटीने खणून काढली, त्यांचे नकाशे रेखाटले आणि १९११ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. निवडुंगाची मुळे भूपृष्ठालगत दूरवर पसरतात. क्रिओसोट झुडुपाची मात्र आडवी व खोल अशी दोन्ही दिशांनी जातात. हे काम आजही थक्क करणारे आहे. परंतु त्याचा विषय मुळे हा होता, सूक्ष्मजीव नव्हे.

दुसरा धागा केनियात सापडतो. मुगुगा येथील बर्च याने १९५८ साली दाखविले की, वाळलेली माती पुन्हा भिजताच तीतून कार्बन डाय-ऑक्साइडचा व खनिज नत्राचा एकाएकी लोंढा सुटतो. कोरड्या काळात मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष वाचलेल्यांचे अन्न होतात, हे त्यामागील एक कारण. बर्चपुढील प्रश्न शेतीचा होता. वाळवंटास त्याचे उत्तर अधिकच लागू पडले.

१९७३ मध्ये इस्राएली शास्त्रज्ञ नॉय-मेअर याने वाळवंटाचे जीवन तुटक, अनिश्चित पर्जन्यावर चालते, असे मांडले. त्यासाठी 'पल्स' ही संज्ञा रूढ झाली. तिला मराठीत 'नाडी' म्हणावे तर नियमितपणाचा भास होतो, आणि या पावसात तोच गुण नसतो. 'उमाळा' हा घरगुती शब्द अधिक जवळचा. पुढे १९९० मध्ये श्लेसिंगर व सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील होर्नाडा येथील अभ्यासाच्या आधारे, गवताच्या जागी झुडुपे आली की पोषकद्रव्ये त्यांच्याखाली 'सुपीक बेटां'सारखी साचतात, हे पुढे आणले. मुळे आणि सूक्ष्मजीव आता एकाच प्रश्नात आले.

हवामानबदलाने सरींचा आकार व त्यांमधील अंतर बदलत असता हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. काही मिलिमीटरांची सर वरचा थरच भिजविते. सूक्ष्मजीव काही तासांत जागे होतात, खोल मुळांस मात्र वार्ताही पोचत नाही. सुटलेल्या नत्राचा काही अंश वायुरूपाने उडून जातो. मोठी सर खोलवर मुरते, माती अनेक दिवस ओली राहते, आणि तेच नत्र पाण्यासह मुळांच्या हाती लागते.