शिवनेरीची ज्योत आणि ठणकणारी नडगी

शिवजयंतीच्या आदल्या रात्री शिवनेरीच्या पायथ्याशी गावोगावच्या मंडळांचे टेम्पो लागलेले असतात. गडावर ज्योत पेटवायची आणि आळीपाळीने धावत आपल्या गावी न्यायची. जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि पुढे, सगळा डांबरी रस्ता. काही जण तर अनवाणीच धावतात. वर्षभर न धावलेले पाय एका रात्रीत कित्येक किलोमीटर पळतात आणि दोन दिवसांनी नडगी ठणकते, पोटरी धरते, टाचेमागची शीर दुखते. पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटरसाठी रोज सकाळ-संध्याकाळ पळणाऱ्या मुलामुलींचीही हीच तक्रार असते.

यावर घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला: "आमच्या वेळी लोक अनवाणी पळायचे, त्यांना कुठं काय व्हायचं?" पळायचे हे खरं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकरी मुलं पाहून दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पण ही माणसं लहानपणापासून रोज मैलोन्‌मैल चालणारी होती. शिवाय जिंकणाऱ्यांची नावं राहतात, लंगडत घरी गेलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

ही नोंद नीट ठेवायला सुरुवात झाली ती मुख्यतः सैन्यात, कारण तिथं शेकडो तरुण एकाच दिवशी पळायला लागतात. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या २,७७७ नव्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाला टाचेखाली मऊ गादी दिली, कुणाला पोटरी ताणायचे व्यायाम, कुणाचं पळणं हळूहळू वाढवलं. नडगीचं दुखणं कशानेच कमी झालं नाही. २००० साली ऑस्ट्रेलियात १,५३८ सैनिकांवर पळण्याआधीच्या स्ट्रेचिंगची परीक्षा झाली, तिथंही फरक पडला नाही. पुढे अमेरिकी सैन्यात तळपायाचा आकार बघून बूट दिले, तरी दुखापती तेवढ्याच राहिल्या. (महागडे बूट घेण्याआधी हे दुकानदाराला नक्की सांगा.) स्ट्रेचिंग आवडत असेल तर जरूर करा, पण त्याच्या भरवशावर जास्त पळू नका.

मला यातला सर्वात बोलका अभ्यास १९७७ चा वाटतो. अमेरिकेतल्या एका तुरुंगात नव्याने धावायला लागलेल्या कैद्यांचे गट केले होते. आठवड्यातून एक दिवस धावणाऱ्यांत कुणालाच दुखापत झाली नाही. तीन दिवस धावणाऱ्यांत १२ टक्के लोकांना झाली, पाच दिवस धावणाऱ्यांत ३९ टक्के. रोजचा वेळ ३० मिनिटांवरून ४५ वर नेला, तर प्रमाण २४ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. गट लहान होते, तरी दिशा स्पष्ट दिसते: औषधासारखा पळण्यालाही डोस असतो. स्नायूंचा दम काही आठवड्यांत वाढतो. टाचेची शीर आणि नडगीचं हाड यांना मात्र कित्येक महिने लागतात.

"आठवड्याला दहा टक्केच वाढवा" हा नियमही २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासला गेला. ८ आठवड्यांत तयारी केलेले आणि १३ आठवड्यांत सावकाश केलेले, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखावला. म्हणजे आकड्याला चिकटण्यापेक्षा पायाचं ऐकणं बरं.

मंडळांनी ज्योतीसाठी धावणारे जास्त घ्यावेत आणि प्रत्येकाची पाळी छोटी ठेवावी. दोन महिने आधीपासून एक दिवसाआड अर्धा तास पळावं. भरतीवाल्यांनी दिवसातून दोनदा पळणं टाळावं. पळताना वाढत जाणारं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलेलं दुखणं असेल, तर काही दिवस सायकल चालवावी किंवा पोहावं.

नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं थांबवून तपासून घ्या. टाचेमागे फटकन आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मालिश करत बसू नका.