पळून का नाही गेलात?

शाळेत दुसरं महायुद्ध मी तीन तासांत उरकत असे. साठ लाख ज्यू मारले गेले, हे वाक्य मुलं वहीत उतरवून घेत. प्रश्न कुणी विचारत नसे. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर प्रीमो लेव्ही वाचले. इटलीतल्या तुरिनचे हे रसायनशास्त्रज्ञ १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत डांबले गेले. जानेवारी १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा ते जिवंत होते. पुढे ते शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलत.

एकदा पाचवीतल्या मुलाने विचारलं, तुम्ही पळून का नाही गेलात? त्याने त्यांच्याकडून छावणीचा नकाशा काढून घेतला, पळण्याचा बेत आखला आणि बजावलं, पुन्हा अशी वेळ आली तर असंच करा!

आधी मला हसू आलं. उपाशी शरीर, तारांमधली वीज, एकजण पळाला तर मागे उरलेल्यांना शिक्षा... त्या पोराला यातलं काय ठाऊक असणार? पण त्याला लेव्हींना वाचवायचं होतं! साठ लाखांतला एक माणूस त्याला समोर दिसला होता. माझ्या वर्गात तो कधीच आला नाही.

लेव्ही १९८७ मध्ये गेले. छावणीच्या मुक्ततेला २०२५ मध्ये ऐंशी वर्षं झाली. तेव्हाची लहान मुलंही आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्या ध्वनिफिती उरतील, पुस्तकंही उरतील. पण ज्या शिक्षकांना त्यांना वर्गात बोलावणं शक्य आहे, त्यांनी आजच बोलवावं. आणि मुलांना वेडेवाकडे प्रश्न विचारू द्यावेत.