शीड सांधायचे की नवे?

कोल्हापूरला समुद्र नाही. पण १८१२ पर्यंत मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींकडे होते, म्हणजे शिडांच्या कापडाचा खर्चही आपल्याच माथी!

१७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला ठेवावीत, असे ते सांगतात. शिडे उतरवून निरखायला हेच दिवस सोयीचे. चूक झाली तर ऐन पाठलागात शीड फाटायचे आणि गलबत शत्रूच्या हाती.

मग जुने कापड ठेवावे की टाकावे? मालवणात एका वृद्ध तांडेलांना मी हेच विचारले. ते म्हणाले, "दोरो कुसलो तर परत शिवता येता. कापाडच कुसला तर शिवूचा काय?"

उन्हात सर्वांत जास्त राहिलेला भाग दोन्ही अंगठ्यांनी ताणायचा, ही त्यांची परीक्षा. धागे तडकले तर ठिगळ व्यर्थ. ठिगळाच्या कडेनेच ते पुन्हा फाटते. नुसती शिवण उसवली असेल तर दुहेरी टाके घालायचे. मला हा हिशेब फार पटला.

त्यांच्या होडीला आता इंजिन आहे. शेवटचे शीड जाळ्यांवर पांघरलेले होते.