शिशाचे सैनिक, जुना रंग : युद्धखेळांतील लघुमूर्तींचे जतन व पुनर्रंगकाम

गाझियाबाद : टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील अंगठ्याएवढ्या लघुमूर्तींना गेल्या काही दशकांत संग्राह्य वस्तूंचे मूल्य आले आहे. राक्षस, बुटके योद्धे, ड्रॅगन, घोडेस्वार अशा या मूर्ती मिळवणे, त्यांचे तुटलेले अवयव जोडणे व त्या नव्याने रंगवणे हा जगभरात स्वतंत्र छंद झाला आहे. मात्र जुन्या धातूच्या मूर्तींपैकी बहुतेक शिशाच्या मिश्रधातूच्या असल्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो. मूळ रंग काढावा की राखावा, हा पहिला प्रश्न. आणि घरातील मुलांना शिशापासून दूर कसे ठेवावे, हा दुसरा.

पटावरून रणभूमीकडे

हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर आणणारा चतुरंग हा खेळ भारतातील. त्यातूनच पुढे बुद्धिबळ घडले. बुद्धिबळाचा आधार घेऊन जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेलविग यांनी १७८० मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फॉन राइसविट्झ यांनी नकाशा व ठोकळे वापरून खेळावयाचा 'क्रीगश्पील' तयार केला आणि तो लष्करी प्रशिक्षणाचे साधन बनला.

खेळण्यातील सैनिकांचा इतिहास याला समांतर आहे. ब्रिटनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत आणली. धातू कमी लागू लागल्याने सैनिक स्वस्त झाले. १९१३ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकातून अशा सैनिकांनी घरात खेळण्याच्या युद्धाचे नियम मांडले.

ऐतिहासिक सैन्यांच्या जागी अद्भुतरम्य जग आले ते १९७०च्या दशकात. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील न्यूअर्क येथे सिटाडेल मिनिएचर्सचा धातूच्या मूर्ती ओतण्याचा कारखाना सुरू झाला. १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ बाजारात आला. मूळ वॉरहॅमर २०१५ मध्ये थांबवण्यात आला. त्याच जगावर आधारित 'द ओल्ड वर्ल्ड' हा खेळ जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा आला. त्यामुळे पेट्यांमध्ये पडून राहिलेल्या जुन्या सैन्यांना पुन्हा मागणी आली.

धातू कसा ओळखावा

या मूर्तींची उंची साधारण २५ ते २८ मिलिमीटर असते. १९९०च्या दशकापर्यंत त्या मुख्यतः शिसे व कथिल यांच्या मिश्रणातून ओतल्या जात. त्यानंतर आरोग्याच्या कारणास्तव मोठ्या उत्पादकांनी शिसेविरहित मिश्रधातू स्वीकारला. पुढे प्लॅस्टिक व रेझीनचे प्रमाण वाढले.

जुनी मूर्ती तुलनेने जड व मऊ असते. हातातील पातळ तलवार सहज वाकते. तळाचा रंगविरहित भाग पांढऱ्या कागदावर घासल्यास पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटत असेल, तर शिशाचे प्रमाण लक्षणीय आहे असे समजावे. ही केवळ घरगुती पारख होय. नेमके प्रमाण प्रयोगशाळेतच कळते.

शिसे आणि कायदा

रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. धातुरूप शिसे त्वचेतून फारसे शोषले जात नाही. धोका तोंडावाटे पोटात जाणाऱ्या कणांचा व श्वासावाटे जाणाऱ्या धुळीचा असतो.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक आहे. ब्युरोची मध्यवर्ती प्रयोगशाळा गाझियाबादच्या साहिबाबाद औद्योगिक क्षेत्रात आहे.

तथापि, चाळीस वर्षांपूर्वी परदेशात ओतलेली आणि आज एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाणारी मूर्ती कारखान्यातून चाचणी होऊन आलेली नसते. दिसायला ती खेळणेच असते. म्हणून तिची जबाबदारी पूर्णपणे बाळगणाऱ्यावर येते.

मूळ रंग काढावा की राखावा

संग्रहालयशास्त्रात जतनाची दोन तत्त्वे मानली जातात. हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि केलेली दुरुस्ती पुढे उलटवता यावी. ब्रिटन कंपनीच्या सैनिकांसारख्या कारखान्यातच रंगवलेल्या वस्तूंना हे तत्त्व काटेकोरपणे लागू होते. त्यांवरील झिजलेला रंग हाच त्यांचा पुरावा असतो. तो उतरवला की संग्राह्य मूल्य घटते.

सिटाडेलसारख्या मूर्ती मात्र बिनरंगीच विकल्या जात व घेणारा त्या स्वतः रंगवी. त्यांवर जाड थर चढून बारकावे बुजले असतील, तर रंग काढण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. तरीही एखाद्या नामवंत रंगकाराचे किंवा घरातील दिवंगत व्यक्तीचे काम असल्यास ते धुऊन टाकण्यापूर्वी विचार करावा. एकदा उतरवलेला रंग परत येत नाही. निदान सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

रंग उतरवणे व जोडकाम

धातूच्या मूर्तीवरील रंग ॲसिटोनने सुटतो. प्लॅस्टिकसाठी ॲसिटोन वापरू नये, मूर्तीच विरघळते. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले जाते, तेही आधी एखाद्या लपलेल्या भागावर तपासून. दोन्ही द्रव ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळपास विस्तव नसावा. रंग मऊ झाल्यावर मऊ दातांच्या जुन्या ब्रशने तो घासून काढावा.

हातमोजे घालावेत, स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये आणि काम चालू असताना काही खाऊ-पिऊ नये. कानस किंवा पॉलिश पेपर कोरडा न वापरता ओला करून वापरावा. टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे व ते फडके घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. उरलेला द्रव मोरीत ओतू नये. मुले व गरोदर स्त्रिया यांनी या कामापासून दूर राहावे.

तुटलेला हात नुसत्या गोंदाने टिकत नाही. दोन्ही बाजूंना सुमारे एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी तारेचा तुकडा बसवतात आणि मग सायनोॲक्रिलेट गोंदाने सांधा पक्का करतात. फट बुजवण्यासाठी दोन घटक मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी चालते.

रंगकामाचा क्रम

प्रथम अस्तराचा पातळ हात द्यावा. त्यावर ॲक्रिलिक रंगाचे मूळ थर, एका जाड थराऐवजी दोन पातळ थरांत, चढवावेत. मग गडद, पाण्यासारखा पातळ रंग खोलगट भागांत उतरू द्यावा. त्याने चिलखताच्या कड्या व वस्त्रांच्या चुण्या उठून दिसतात. उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग फिरवावा आणि शेवटी वार्निशने बंद करावे. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची अनेकांची सवय येथे घातक ठरते.

हवामानही पाहावे लागते. दमट हवेत फवारलेल्या वार्निशवर पांढरट साय धरते. कोकणातील पावसाळा आणि दिल्ली परिसरातील धुक्याच्या सकाळी फवारणीला प्रतिकूल आहेत.

किल्ल्यावरचे मावळे

महाराष्ट्रातील घरांना हा छंद सर्वस्वी अनोळखी नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला उभारून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे मांडायचे ही प्रथा आजही टिकून आहे. अनेक घरांत हे मावळे वर्षानुवर्षे जपून ठेवले जातात व दिवाळीपूर्वी पुन्हा रंगवले जातात.

मातीच्या किंवा प्लॅस्टरच्या या चित्रांना वरील पद्धती लागू पडत नाहीत. ती द्रवात भिजवू नयेत, ठिसूळ होतात. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, तुटलेला भाग साध्या पांढऱ्या गोंदाने जोडावा व केवळ उडालेल्या जागी रंग भरावा. जुना तैलरंग खरवडू नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते. रंगवायला मुलांना बसवायचे असेल, तर नवी चित्रे व शिसेविरहित जलरंग द्यावेत.

साठवण

शिशाच्या मूर्तींवर कधी कधी पांढरी भुकटी धरते. लाकूड, प्लायवूड व पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेमुळे शिशाचे कार्बोनेट तयार होते व मूर्ती हळूहळू पोखरली जाते. ही भुकटी विषारी असते; ती फुंकू किंवा कोरडी खरवडू नये. अशी मूर्ती बाकीच्यांपासून वेगळी करावी आणि ती मौल्यवान असल्यास जतनतज्ज्ञाकडे न्यावी. इतर मूर्तींसाठी पॉलिप्रॉपिलीनचे डबे, आम्लविरहित कागद व सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा होतात. डब्यावर धातूचे नाव व रंगकामाचे वर्ष लिहून ठेवावे. पुढच्या पिढीत तो डबा उघडणाऱ्याला आतील सैनिक शिशाचे आहेत, हे झाकण काढण्यापूर्वीच कळले पाहिजे.