सिंहस्थाचे गणित आणि फ्लॉपीवरचे पंचांग

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशावर ठरतो. हा प्रवेश केव्हा होतो हे सांगणारे साधन प्रत्येक काळात वेगळे असले, तरी ते कालांतराने चुकू लागते आणि कोणाला तरी ते पुन्हा तपासून दुरुस्त करावे लागते, ही गोष्ट पाचशे वर्षांत बदललेली नाही. संगणकावरील पंचांगाचा इतिहास याच परंपरेत बसतो. १९८० आणि १९९० च्या दशकांतील फ्लॉपींवरून हातोहात फिरलेले दिनदर्शिकेचे प्रोग्रॅम हा तिचाच एक दुर्लक्षित अध्याय आहे.

या परंपरेचा महाराष्ट्रातील पाया कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी घातला. शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून त्यांनी रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथात, म्हणजे सिद्धांताची उपपत्ती न सांगता थेट गणिताची रीत देणाऱ्या ग्रंथात, ज्या-कोज्यांची आकडेमोड टाळलेली आहे आणि ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र धरून ग्रहांची स्थाने काढण्याची सोय केलेली आहे. तिथी, नक्षत्र आणि योग यांसाठी त्यांनीच ‘तिथिचिंतामणी’ची कोष्टके तयार केली, त्यामुळे गावोगावच्या जोशांना बेरीज-वजाबाकीवर पंचांग मांडता येऊ लागले. मात्र अशा प्रत्येक सोयीची एक किंमत असते: आरंभीच्या आकड्यांतील अल्पशी चूक दर चक्रागणिक साचत जाते, आणि तीन शतकांनंतर गणिताने सांगितलेला ग्रह व आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडते.

हे अंतर भरून काढण्याचे काम केरो लक्ष्मण छत्रे यांनी केले. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली प्रसिद्ध झाली आणि युरोपीय वेधांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग त्यानंतर निघू लागले. पण ग्रह बिनचूक झाले तरी राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा हा वाद उरला. वसंतसंपात मागे सरकत असल्यामुळे त्याच्यात आणि स्थिर राशिचक्राच्या आरंभात जे अंतर पडते त्यास अयनांश म्हणतात. छत्रे आणि पुढे टिळक पंचांग यांनी रेवती तारा प्रमाण मानला, तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा. या दोहोंत जवळपास चार अंशांचा फरक आहे. त्यामुळेच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतर पंचांगांत ती १४ किंवा १५ जानेवारीला असते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने चित्रापक्षाच्या जवळचे मूल्य स्वीकारले आणि २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

शेअरवेअर ही पद्धत या पार्श्वभूमीवर पाहावी. प्रोग्रॅम आधी वापरून पाहावा, इतरांनाही त्याची प्रत द्यावी आणि उपयोगी वाटल्यास कर्त्यास पैसे पाठवावेत, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेत १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन यांचा ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यांचा ‘पीसी-फाइल’ हे प्रोग्रॅम याच रीतीने पसरले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १९९५ च्या ऑगस्टमध्ये आले. तोपर्यंत अशा प्रोग्रॅमांचा प्रवास ओळखीच्या माणसाकडील फ्लॉपीवरून, आणि पुढे संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून होत असे. प्रत करणाऱ्याने पुस्तिका क्वचितच सोबत घेतली, त्यामुळे प्रोग्रॅमच्या आत कोणते अयनांश धरले आहेत हे वापरणाऱ्यास कळण्यास मार्ग राहिला नाही. हस्तलिखित करणग्रंथांच्या प्रती निदान आपला आरंभशक तरी सांगत असत.

असे प्रोग्रॅम आज पुन्हा चालवावयाचे तर पहिली अडचण यंत्राची येते. जुन्या संगणकातील घड्याळाचा सेल संपला की तो १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवू लागतो, कारण डॉसची कालगणनाच तेथून सुरू होते. वर्षाचे दोनच अंक साठवणारा प्रोग्रॅम २००० सालास १९०० समजतो. १ जानेवारी २००० हा शनिवार होता आणि १ जानेवारी १९०० हा सोमवार, शिवाय १९०० हे लीप वर्ष नव्हते व २००० होते, म्हणजे वारही चुकतो आणि २९ फेब्रुवारीही हरवतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्रॅम वेगवान पेंटियमवर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडत, कारण यंत्राचा वेग मोजणाऱ्या त्यांच्या भागातील भागाकाराचे उत्तर ठरवून दिलेल्या जागेत मावत नसे. डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-प्रोग्रॅमात, म्हणजे नव्या यंत्रावर जुने यंत्र उभे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेग मुद्दाम कमी ठेवून ही अडचण दूर करता येते. मराठी अक्षरांचा प्रश्न याहून चिवट आहे: सी-डॅकचे जिस्ट कार्ड, १९९१ चे इस्की प्रमाणक आणि निरनिराळ्या फाँटांच्या स्वतंत्र संकेतरचना यांत साठवलेली तिथी-नावे युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय वाचताच येत नाहीत.

यंत्र चालू झाले तरी गणिताची परीक्षा शिल्लक राहते, आणि खरे काम तेच आहे. सूर्य-चंद्रांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. पण दिवसाची तिथी सूर्योदयावर ठरत असल्याने स्थळ महत्त्वाचे. नाशिकचे रेखांश सुमारे ७३° ४७′ पूर्व, भारतीय प्रमाणवेळेचे ८२° ३०′; हा फरक जवळजवळ ३५ मिनिटांचा आहे, आणि सूर्योदयाच्या आसपास संपणाऱ्या तिथीचा वार तेवढ्याने बदलू शकतो. दुसरी कसोटी क्षयमासाची. शके १९०४ मध्ये, म्हणजे १९८२-८३ साली, दोन अधिकमास आले आणि एक मास लुप्त झाला. यापुढचा क्षयमास २१२३-२४ मध्ये आहे. क्षयमासाचा विचारच न केलेला प्रोग्रॅम म्हणूनच कित्येक दशके निर्दोष वाटू शकतो. तिसरी कसोटी थेट नाशिकची आहे. गुरू ११.८६ वर्षांत राशिचक्र फिरतो, त्यामुळे नेहमीची बारा वर्षे कधीतरी अकरा होतात, जसे हरिद्वारचा कुंभ २०२१ मध्ये भरला. शिवाय अयनांशातील चार अंश सूर्याच्या बाबतीत चार दिवस असतात, पण गुरूच्या सरासरी गतीने ते सुमारे ४८ दिवस होतात. आगामी सिंहस्थाच्या ध्वजारोहणासाठी ठरलेला ३१ ऑक्टोबर २०२६ हा दिवस चित्रापक्षाच्या गणिताशी जुळतो; रेवतीपक्षाचे अयनांश धरलेला प्रोग्रॅम हा प्रवेश आधीच झाल्याचे दाखवील.

ज्यांच्या घरी अशा फ्लॉपी अजून असतील त्यांनी त्या टाकून देण्यापूर्वी त्यांची प्रत करून घ्यावी. प्रोग्रॅमबरोबर ‘रीडमी’ची फाइलही जपावी, कारण कर्त्याने धरलेले अयनांश आणि रेखांश लिहिलेले असलेच तर ते तेथेच सापडतील.