वंगणाच्या नळकांड्यापासून डिपस्टिकपर्यंत

ज्याने बंडी हाकली आहे त्याला वंगण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातले सागवान कित्येक वर्षे बैलबंड्यांनीच रानाबाहेर आले. बंडीला वंगणाचे नळकांडे लोंबत असे. दूरच्या वाटेला लागण्यापूर्वी चाक काढायचे, आसाला वंगण चोपडायचे आणि मगच बैल जुंपायचे, ही रीत होती. विसर पडला तर चाक कुरकुरू लागे, बैलांना ओढ जड जाई. बंडी आपले दुखणे स्वतःच सांगत असे.

तेव्हा तेल पाहण्याची सवय काही मोटारीने आणलेली नाही. मोटारीने एवढेच केले की, डोळ्यांना दिसणारा आस लोखंडी पेटीत बंद करून टाकला. मग आत डोकावण्यासाठी माणसाला युक्त्या शोधाव्या लागल्या.

१८७१ साली वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत वर्ध्याहून आगगाडी तिथवर आली. त्या काळी वाफेच्या इंजिनाला गाडी थांबवून झारीने तेल घालावे लागे. इकडे खाण सुरू झाली त्याच सुमारास, १८७२ साली, अमेरिकेत एलायजा मॅकॉय यांनी चालत्या इंजिनाला आपोआप तेल पुरवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेल्या आईबापांचा हा मुलगा. एडिंबरोला यंत्रविद्या शिकून आला, तरी काळा म्हणून रेल्वेत त्याला काम मिळाले ते कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे! त्या कामातूनच त्याला ही युक्ती सुचली.

पुढे मोटार आली. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. तिला डिपस्टिक नव्हती. इंजिनाच्या खालच्या अंगाला एकावर एक अशा दोन लहान तोट्या असत. मोटारीखाली सरपटत जायचे आणि तोट्या उघडून पाहायच्या. खालच्या तोटीतूनही तेल आले नाही, तर ते धोक्याइतके कमी झाले असे समजायचे. मोटारीखाली शिरण्याचा हा त्रास डिपस्टिकने, म्हणजे खुणेच्या पट्टीने, वाचवला. आणखी एक गंमत बघा. आपल्या ओळखीचे एरंडेल पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही वापरले जाई, आणि 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले आहे.

आता प्रश्न असा की, पट्टी इतकी महत्त्वाची का? बंडीचे चाक मिनिटाला दहा-बारा फेरे घेते. इंजिनाचा दांडा सहज दोन हजार घेतो, म्हणजे सेकंदाला तेहतीस! धातू धातूला घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. तो तुटला की काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. इंजिन खडखडू लागेपर्यंत बहुधा नुकसान होऊन गेलेले असते. पुढचा लाल दिवाही तेलाची पातळी सांगत नाही. तेलाचा दाब पडला की तो लागतो. म्हणून त्याच्यावर विसंबू नये. लागलाच, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

आपल्या भागात तर ही गोष्ट जिवाशी येते. १९८२ साली चांद्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा केवढा लांब! गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरांहून दूर, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. नाल्यातला एखादा दगड चेंबरला लागतो, तेल थेंबथेंब गळते, आणि अडलेली बाळंतीण घेऊन निघालेली जीप रानात उभी राहते. तिथे मिस्त्री कुठून आणायचा?

रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे तेल खाली उतरेल. पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढा आणि पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. फिरता दांडा ते घुसळून फेस करतो. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे पडते, त्याने घाबरू नये. पण ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजून गाडी मिस्त्रीला दाखवावी. मोटारीला आठवड्यातून एकदा व लांबच्या प्रवासापूर्वी, आणि ट्रॅक्टरला रोज सकाळी, एवढे पाहणे पुरे.

काही नव्या मोटारींत पट्टीऐवजी पडद्यावर पातळी दिसते. तिथे पडदा पाहावा. पण पाहावे जरूर. शिक्षकबंधूंनी मुलांना तळहात कोरडे घासायला सांगावे, मग तेलाचा एक थेंब लावून पुन्हा घासायला सांगावे. त्या थेंबाचे काम मुलांना लगेच उमगेल, आणि घरी गेल्यावर वडिलांच्या ट्रॅक्टरची पट्टी तीच काढून पाहतील.